फुलं झाडावरच होती

सकाळी दार उघडून सिताराम भालेराव ओट्यावर आला आणि तिथंच थबकला. जास्वंदीवर फुलं होती. पानाआड चुकून राहिलेलं एखाददुसरं नव्हे, सगळीच्या सगळी, लालभडक. कुंपणालगतची पिवळी कण्हेर लवलेली, तगर पांढरी झालेली, गेटजवळचा तेरडा जसाच्या तसा. गेटची कडी रात्री लावली तशीच लागलेली. त्याला आधी वाटलं, आपण फार लवकर उठलो. तेवढ्यात रस्त्यानं रोजचा म्हातारा आला, हातात परडी आणि आकडीची काठी. याच म्हाताऱ्याला त्यानं कितीदा कुंपणावरून काठी घालून जास्वंद ओढताना पकडलं होतं. म्हातारा भालेरावांच्या कुंपणाशी आला, काठी या हातातली त्या हातात घेतली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेनं पुढं गेला. चार घरं सोडून बन्सीधरशेटच्या दारात एक रोगट जास्वंद होती, तिच्यात त्यानं काठी घातली. आज महालक्ष्म्या यायच्या होत्या. परभणीतल्या घराघरांत आज फुलं कमी पडणार होती, आणि भालेरावांची बाग भरलेली होती. सिताराम तसाच मागं वळून आत गेला आणि पंचफुला अजून निजलेली आहे ना, ते त्यानं पाहिलं.

गेल्या वर्षी याच दिवशी याच ओट्यावर उभा राहून तो ओरडला होता. झाडं ओरबाडलेली, कळ्यासुद्धा नेलेल्या, वाफ्यात चपलांचे ठसे. "चोरीची फुलं देवाला चालतात का हो?" असं त्यानं रिकाम्या रस्त्याला विचारलं होतं, आणि शेजारच्या दिनकररावांनी भिंतीवरून, दात घासता घासता, उत्तर दिलं होतं, "चालतात म्हणजे? चोरीच्या फुलाचं पुण्य दुप्पट असतं, भालेराव. एक तोडणाऱ्याला, एक झाड लावणाऱ्याला. तुम्ही झोपेत पुण्य कमावता आणि वर ओरडता!" दिनकरराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले, बोलणं खडीसाखरेसारखं. गल्ली हसली होती, सितारामही हसला होता, आणि तरी त्यानं पत्र्याची एक पाटी रंगवून आणून गेटला ठोकली होती: 'फुले तोडू नयेत. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. त्या पाटीला वर्षभर कोणी भीक घातली नाही. पण त्या ओरडण्यात त्याला सुख होतं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. आपल्या दारातली फुलं लोक चोरतात अशी तक्रार करायला मिळणं म्हणजे काय, ते ज्याच्या बापाच्या दारात गावानं कधी पाऊल टाकलं नाही त्यालाच कळेल. ऑफिसात तो टेबलावर चहा ठेवून सांगायचा, "वैताग आणलाय लोकांनी. एक फूल ठेवत नाहीत." पाटबंधारे खात्यातले कारकून मान हलवायचे. चोर सगळ्यांच्या दारात येतात. त्याच्याही दारात येत होते.

वसाहत नवी होती, स्टेशनच्या मागं काळ्या रानात पाडलेली. आणीबाणीच्या साली त्यानं इथं दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आजूबाजूला सगळीच माणसं बाहेरून आलेली होती आणि कोणाचं मूळ कोणाला माहीत नव्हतं. भालेराव म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचा अर्थ लावला. तो खोटं एकदाही बोलला नाही. दिनकररावांच्या सुमनबाईंनी पहिल्याच वर्षी पंचफुलाला विचारलं होतं, "तुमच्यात महालक्ष्म्या उभ्या का बैठ्या?" पंचफुला गोंधळून त्याच्याकडं बघायला लागली, तेव्हा तोच पुढं होऊन म्हणाला होता, "आमच्यात बसवत नाहीत." हे खरं होतं. सुमनबाईंना वाटलं, कधीकाळी घरात त्या दिवसांत काही वाईट घडलं असेल आणि खंड पडला असेल. त्यांनी हळहळून मान हलवली आणि मग ताटभर पुरणपोळ्या पाठवल्या. खरं बोलूनही माणूस सुरक्षित राहू शकतो, हे त्याला तेव्हा फार मोठं शहाणपण वाटलं होतं. शहाणपण कसलं, निव्वळ भित्रेपणा, असं आता पुन्हा ओट्यावर येऊन उभं राहिल्यावर त्याला वाटत होतं, आणि आता वाटून काही उपयोग नव्हता.

कारण श्रावणात आई आली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं म्हणून गावोगाव वस्त्या पेटल्या, त्या दिवसांत. सरजाबाई एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या काखेत एक बोचकं होतं आणि डोक्यावर वाकळेत गुंडाळलेली तसबीर. "घर?" त्यानं विचारलं. "जळालं," ती म्हणाली. "कोण होते?" "वळखीचेच होते. तुझ्या संगं साळंत व्हता त्यातला बी एक." एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती बोलली नाही. पाणीसुद्धा न पिता तिनं वाकळ सोडली, काच तडकलेली बाबासाहेबांची तसबीर बाहेर काढली आणि खिळा मागितला. तो म्हणाला, "आतल्या खोलीत लावू." "आत कोण बघतंय?" ती म्हणाली. "हितं लाव. दाराच्या समूर." त्यानं खिळा ठोकला. ठोकताना आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला फडकं गुंडाळावं असं मनात आलं होतं, आणि त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की उरलेले घाव त्यानं नको तितके जोरात घातले. त्याच संध्याकाळी सुमनबाई वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी उंबऱ्यातून समोर पाहिलं, कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडं पाहिलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि "बराय, येते हं," म्हणून गेल्या. मग कोणी काही बोललं नाही. दिनकरराव अजूनही भिंतीवरून विचारत, "काय भालेराव, पाऊस काय म्हणतो?" दुधाचा रतीब चालू होता, पोरं क्रिकेटचा चेंडू मागायला गेटपर्यंत येत होती. महिना गेला. सितारामनं मनाशी हिशोब मांडला होता की इथले लोक शिकलेले आहेत, आपण उगाच घाबरलो. आणि आज फुलं झाडावर होती.

त्याला स्वतःसाठी काही वाटत नव्हतं. निदान त्या सकाळी तो स्वतःला असंच बजावत होता. स्वतःच्या वाट्याचं त्यानं शाळेत, वसतिगृहात, पहिल्या नोकरीच्या गावी भाड्याची खोली शोधताना सगळं पचवलं होतं. पण बाग पंचफुलाची होती. काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी आणि पावसात पायाला धोंड्यासारखी चिकटणारी. तीत तिनं मुरूम, राख, शेणखत कालवून वाफे केले, धुण्याचं पाणी पाटानं फिरवलं, माहेरून चारठाण्याहून फांद्या ओल्या फडक्यात बांधून आणल्या. चारठाण्यात जुनी देवळं आहेत, पडकी, लोक लांबून बघायला येतात. पंचफुला लहानपणी त्यांच्या खांबांभोवती शिवाशिवी खेळायची. देव निघून गेलेल्या देवळात त्यांना कोणी अडवत नसे. देव असलेल्या देवळाशी मात्र वेगळं होतं. तिथं तिनं एकदा तरवडाच्या फुलांची माळ करून पायरीवर ठेवली होती आणि ती कोणी उचलतं का, हे बघत उन्हं उतरेपर्यंत लिंबाखाली बसली होती. लग्नानंतर हे तिनं त्याला एकदाच सांगितलं, हसत हसत, आणि शेवट काय झाला ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. मग गेल्या नवरात्रात सुमनबाईंनी घटावरच्या नऊच्या नऊ माळा तिच्याकडून नेल्या. घटाखाली धान पेरायला काळी माती लागते, तीसुद्धा हिच्याच वाफ्यातली. दुसऱ्या की तिसऱ्या माळेला त्यांनी हिला दर्शनाला बोलावलं. ती घरी आली, चुलीपुढं बसली, आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "देवीचं मला काय बी न्हाई. पण माळ लय छान दिसायली हो." आणि पिठाच्या हातानं डोळे पुसले, ते पीठ भुवईला लागलं. तिला आता हे कळता कामा नये, एवढं एकच त्याला त्या सकाळी सुचत होतं. आपल्या हातची फुलं आता देवाला नकोत हे तिला कळलं, तर ही बाग ती स्वतःच्या हातानं उपटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न बोलता पाणी घालत राहील.

पण ती उठलीच. ओट्यावर आली, पदर खोचता खोचता थांबली. "अगं बाई," ती म्हणाली, "आज कोणी आलंच न्हाई?" तो म्हणाला, "येतील. उशीर झाला असेल." ती वाफ्यांतून फिरली, जास्वंदीला हात लावला, गेटपाशी गेली आणि वळून म्हणाली, "ही पाटी. हिच्यानं लोक भेले असतील. सणासुदीचं फुलाला न्हाई म्हणतंय का कोणी? काढा बरं ती." वर्षभर जिच्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही त्या पाटीला आज लोक भ्याले होते! त्याला खदखदून हसावंसं वाटलं. त्यानं पक्कड आणली, खिळे काढले आणि पाटी मोरीच्या मागं नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी अंधुक उजेडात तो उठला, पंचफुला कुशीवर होती, आणि शबनम पिशवी घेऊन स्वतःच्या बागेत शिरला. फुलं तोडणं इतकं अवघड असतं हे त्याला माहीत नव्हतं. जास्वंदीचं देठ हातात येतं, कण्हेरीचा चीक बोटांना लागतो, आणि चोरानं तोडल्यासारखं दिसायचं म्हणून मधेच एखादी फांदी मोडावी लागते, कळ्या ओरबाडाव्या लागतात, वाफ्यात पाय द्यावा लागतो. त्यानं ते सगळं नीट केलं. गेटची कडी उघडी टाकायला तो विसरला नाही. मागं वळला तर ओट्यावर आई बसलेली.

"कुणाच्या बागंत चोरी करायलास रं?" तिनं विचारलं.

"माझ्याच."

"मंग गपचिप कर. ती उठंल." आणि थोड्या वेळानं, तंबाखू मळत, "येड्या, तितं भीमनगरात विहार हाय. बुद्धापुढं ने की. तितं कोणी न्हाई म्हणायचं न्हाई तुला."

उजाडल्यावर पंचफुला बाहेर आली आणि तिनं टाळी वाजवली. "बघा! पाटी काढली की आले लोक." तिनं मोडलेली फांदी पाहून जीभ चावली, "पण मेल्यांना रीत न्हाई," म्हणाली, आणि दिवसभर खुशीत होती. त्या आनंदानं त्याला अडकवून टाकलं. त्या दिवसापासून तो रोज उठू लागला. पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून ऑफिसला निघायचं आणि रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या नाल्यात ती उलटी करायची. आईचं म्हणणं त्याच्या मनातून जात नसे. विहाराची वाट काही लांबची नव्हती. तिथं फुलं चालतील हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती तिथं न्यावीशी वाटत नव्हती. जिथं आपल्याला कोणी नाकारणारच नाही तिथं स्वीकारलं जाण्यात काय मोठंसं, असं वाटणारा आपण माणूस आहोत, हे नाल्याच्या कठड्याशी उभं राहून त्याला रोज दिसायचं आणि रोज स्वतःची किळस यायची. छप्पन सालानंतर त्यानंच, मिसरूड न फुटलेल्या वयात, घरातले टाक, मरीआईचा मुखवटा, सगळं एका धडप्यात बांधून दुधना नदीच्या डोहात सोडलं होतं. तेव्हा आई रडली होती आणि यानं तिला भाषण दिलं होतं. आणि आज, ज्या देवांना आपण स्वतःच्या हातानं बुडवलं, त्या देवांना आपली जास्वंद चालत नाही म्हणून आपण झुरतो आहोत! जी आई रडली होती ती तसबीर डोक्यावर घेऊन जळत्या गावातून चालत आली, आणि ज्यानं भाषण दिलं तो फुलं लपवतो आहे. नाल्यातल्या काळ्या पाण्यावर जास्वंदी थोडा वेळ तरंगायच्या. मग तो घंटी वाजवत फाटक ओलांडायचा आणि ऑफिसात जाऊन पाण्याच्या पाळ्यांचे अर्ज काढायचा. मधल्या सुट्टीत कोणी विचारलं, "काय, फुलचोरांचं काय म्हणणं?" तर म्हणायचा, "आहेत की. रोज येतात." हे सांगताना त्याचा आवाज गेल्या वर्षीसारखाच वैतागलेला निघायचा. इतका खरा, की बोलता बोलता त्यालाही ते पटायचं.

पितृपक्ष संपत आला तशी पंचफुला झेंडूच्या मागं लागली. औंदा झेंडू लवकर धरला होता. रोज संध्याकाळी ती वाफ्यात बसून वाळलेली पानं खुडायची, कळ्या दाबून बघायची, आणि अमावास्येला म्हणाली, "उद्या घट बसतील. सुमनबाई बोलवायला आली न्हाई यंदा, गडबडीत असंल. मीच पहिली माळ नेऊन देते." आत भांडी घासणारी आई थांबली, ते त्याला आवाज बंद झाल्यावरून कळलं. तो घाईनं म्हणाला, "मी देतो की जाता जाता. त्यांच्या घरी सोवळं असतं, तू कशाला मधे." पंचफुला त्याच्याकडं क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." पहाटे तिनं तगर आणि झेंडू आलटून पालटून गुंफले, केळीच्या पानात माळ गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. गेटमधून बाहेर पडून तो दिनकररावांच्या फाटकाकडं वळला, कारण ती ओट्यावर उभी होती. फाटकाशी पोचला, वाकून सायकलची साखळी बसवल्यासारखं केलं आणि कोपरा वळून नाल्याकडं निघून गेला. संध्याकाळी त्यानं सांगितलं, "दिली. खूष झाल्या." दुसऱ्या माळेला त्यानं सांगितलं, "म्हणाल्या, तुमच्या पंचफुलाच्या हाताला वळण आहे." तिसऱ्याला आणखी काही. गोष्ट रोज वाढत होती आणि तिला ती ऐकायला आवडत होती, असं त्याला वाटत होतं. ती हातातलं काम थांबवून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "हो का?" पाचव्या माळेला तर त्यानं सुमनबाईंकडून तिला प्रसादसुद्धा आणला, तो मोंढ्यातल्या दुकानातून घेतलेला पेढा होता. तिनं तो कपाळाला लावला नाही, पण सगळा खाल्ला. त्या रात्री त्याला फार दिवसांनी शांत झोप लागली. आपल्या घरी सणाचे दिवस आहेत, असं त्याला झोपताना खरोखर वाटत होतं.

एका झाडाचं मात्र त्याला काही करता येत नव्हतं. पारिजातक भिंतीला लागून होता, आणि त्याची एक जाड फांदी दिनकररावांच्या अंगणावर गेलेली. बाकीची फुलं तोडता येतात, पारिजातक आपला आपण सांडतो. खाली पडलेलं चालतं असं देवाचं हे एकच फूल, म्हणून गेल्या वर्षी सुमनबाई त्या फांदीखाली धुतलेलं धोतर अंथरून ठेवायच्या आणि सकाळी चारी टोकं धरून उचलायच्या. यंदा पहाटे तो बागेत असताना भिंतीपलीकडून खराट्याचा आवाज यायचा, खर्र, खर्र, ओल्या फरशीवर. एकदा त्यानं टाचा उंचावून पाहिलं. फुलं गटारीत ढकललेली होती, त्यांच्या केशरी देठांचा रंग पाण्यात उतरला होता. तो पटकन खाली वाकला, जणू आपणच काहीतरी करताना सापडलो.

दसऱ्याच्या सकाळी तो ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. पंचफुला आणि आई आज दीक्षेच्या दिवसाला विहारात जायच्या होत्या. पंचफुलानं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि आत ती केस विंचरत होती. भिंतीवरून हाक आली, "भालेराव!" तो उठून गेला. दिनकरराव अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभे होते.

"जरा तकलीफ द्यायची होती."

"बोला ना."

"ही फांदी हो. रोज अंगणात कचरा होतो. आता हिच्या कमरेला वाकणं होत नाही. आणि आज संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येणार. तेवढी उतरवून टाकलीत तर बरं होईल. आम्हीच तोडली असती, पण झाड तुमचं. तुमच्या परवानगीवाचून हात कसा लावायचा?"

दोन वर्षं परवानगीवाचून कळ्यासुद्धा नेणारं घर त्याच्याकडं परवानगी मागत होतं. आवाज नेहमीइतकाच गोड होता. सितारामच्या मनात एक वाक्य आलं, चांगलं धारदार वाक्य, तोंडापर्यंत आलं. आणि तोंडातून निघालं, "हो, हो. आत्ता उतरवतो की."

आत आई म्हणाली, "तो न्हाई म्हणतंय का कुठं? सायेब हाय." तिनं वहाणा घातल्या, "मी म्होरं होते गं पंचफुला," म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघता गेटमधून निघून गेली. त्यानं कोयता घेतला. मोरीवरची तिपाई आणून भिंतीशी ठेवली. काळ्या मातीत तिचा एक पाय रुतला आणि ती डुगडुगायला लागली. पंचफुला बाहेर आली. पांढऱ्या लुगड्याचा काठ वर खोचून ती चिखलात उतरली आणि दोन्ही हातांनी तिपाई धरली. तो वर चढला. फांदी जवळून पाहिली तर अजून फुलं अडकलेली होती, उशिरा उमललेली. खाली पलीकडं अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, आणि दाराला झेंडूचं तोरण. तोरण बाजारातलं होतं, झेंडू बारका होता.

"पहिल्या माळेलाच कळलं मला," खालून पंचफुला म्हणाली.

त्याचा हात थांबला. "काय?"

"तुमी हापिसात गेल्यावर गेल्ते मी सुमनबाईकडं. घटाखाली माती लागंल म्हणून पाटीभर घेऊन गेल्ते. घटावर माळ बघितली, कारळ्याच्या फुलाची होती. आपली न्हवती." ती हळूच बोलत होती, भिंतीपलीकडं ऐकू जाऊ नये एवढं. "ती म्हणली, यंदा राहू द्या, ह्यांनी नको म्हणलंय, वाईट वाटून घेऊ नका. चहा घेता का, म्हणली. मी न्हाई म्हणलं. मातीची पाटी तशीच डोक्यावर घेऊन आले वापस."

"आणि पहाटेचं?" त्यानं विचारलं.

"फुलं तोडायचं? ते तर आधीचंच म्हाईत होतं. तुमी पाय देताव तिथं तेरड्याची रोपं मेली सगळी. दुसऱ्या कोणाचा पाय एवढा जड न्हाई पडत."

तिपाई डुगडुगली. तिनं पकड घट्ट केली. त्यानं फांदीचा आधार घेतला, ज्या फांदीवर घाव घालायचा होता तिचाच. "मग तू रोज माळ कशाला करत होतीस? नऊच्या नऊ?"

"तुमी रोज नेत होताव," ती म्हणाली. "नेताना तुमचं तोंड लय खुशीत असायचं. सांजच्याला येऊन सांगायचाव, सुमनबाई अशी म्हणली, तशी म्हणली. पेढा आणलाव. मला वाटलं, ह्यांना तेवढं तरी असू द्यावं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी करता आलं असतं. आपण तिच्यासाठी करतो आहोत असं तो महिनाभर स्वतःला सांगत होता, आणि ती ज्या माणसासाठी पहाटे उठून फुलं गुंफत होती तो माणूस तिला पहिल्यापासून आरपार दिसत होता. पेढा तिनं सगळा का खाल्ला तेही त्याला आता कळलं. लहान पोरानं खोट्या चुलीवरचा चहा आणून दिला तर तो पिऊन दाखवतात, तसा.

"कापा, न्हाईतर उतरा खाली," पंचफुला म्हणाली. "माझा हात दुखायलाय."

उतरता आलं असतं. त्याला ते स्पष्ट दिसत होतं: कोयता तिच्या हातात द्यायचा, एक पाय खाली टाकायचा, भिंतीपलीकडं सांगायचं की फांदी राहील. रोज सांडेल, रोज झाडा. तेवढंच करायचं होतं. खाली तीही त्याचीच वाट बघत होती, हे तिच्याकडं न बघताही त्याला कळत होतं. त्यानं खाली पाहिलं. मग पलीकडं पाहिलं. दिनकरराव अंगणात हात मागं बांधून, वर तोंड करून, अदबीनं उभे होते.

त्यानं घाव घातला. पारिजातकाचं लाकूड ठिसूळ, तीन-चार घावांत फांदी कलली आणि पलीकडं रांगोळीच्या कडेला पडली. उरलेली फुलं फरशीवर उडाली. दिनकरराव दोन पावलं मागं सरले.

"मेहेरबानी, भालेराव," ते म्हणाले.

"त्यात काय, दिनकरराव," सिताराम म्हणाला. "शेजारधर्म आहे."

ते कधी तोंडातून गेलं, त्याला कळलं नाही. ऐकलं तेव्हा ते बोलून झालं होतं, आणि वर ऑफिसातलं हसूही चेहऱ्यावर आलेलं होतं. पंचफुलानं तिपाई सोडली. लुगड्याचा काठ झटकला, हाताची माती पारिजातकाच्या बुंध्याला पुसली, आणि सासूच्या मागं गेटमधून निघून गेली. तिपाई एका अंगाला कलली. हातात कोयता, धरायला फांदी नाही, आणि उडी मारावी तर खाली तिनंच केलेला वाफा; सिताराम तसाच भिंतीशी वर उभा राहिला.